रुग्णाचे दप्तर : एक प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात जमिनीच्या एखाद्या तुकड्याची हकिकत जाणून घ्यावयाची असेल, तर तो कोणाच्या वडिलांकडून कोणाकडे आला, त्यावर कोणत्या सोसायटीचा बोजा चढला आणि केव्हा उतरला, विहिरीची नोंद कोणत्या साली झाली आणि गेल्या हंगामात तेथे ज्वारी होती की तूर, हे सर्व सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून व त्यामागील फेरफारांवरून घटकाभरात समजते. आणि १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा उतारा मिळू लागल्यामुळे त्यासाठी चावडीची पायरीही चढावी लागत नाही. त्या जमिनीत राबणाऱ्या माणसाची हकिकत मात्र, म्हणजे त्याचा रक्तदाब वाढलेला प्रथम केव्हा आढळला, पेनिसिलीन त्याला सोसत नाही हे कोणाच्या ध्यानात आले होते, त्याच्या आईला मधुमेह होता की नव्हता आणि काही वर्षांपूर्वी पोटावर जी शस्त्रक्रिया झाली तिच्यात काय काढले, हे सांगणारे दप्तर गावात नाही, तालुक्याच्या कचेरीत नाही आणि जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयातही एका जागी नाही. त्याचे तुकडे आहेत: काही कुटुंबवैद्याच्या स्मरणात, काही रुग्णालयाच्या अभिलेखकक्षात सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांत, काही औषधांच्या दुकानदाराच्या वहीत आणि उरलेले घरातील कपाटावर ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. हे तुकडे जोडावे कसे, कोणी, आणि कोणाच्या आज्ञेने, हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

सोलापूर शहर आणि जिल्हा या विषयाच्या विचारासाठी निवडला तो केवळ स्थलप्रेमाने नव्हे. येथील श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, ज्याला शहरातील लहानथोर मंडळी ‘सिव्हिल’ याच नावाने ओळखतात, ते एका जिल्ह्याचे रुग्णालय असून त्याची वहिवाट मात्र चार-पाच जिल्ह्यांची आहे. धाराशिव आणि लातूरकडून, तसेच राज्याची सीमा ओलांडून विजयपूर आणि कलबुर्गीकडून येणारा रुग्ण येथे नित्य दिसतो. तो येतो तेव्हा त्याच्याजवळ गावच्या डॉक्टरांची अर्ध्या कागदावरची चिठ्ठी असते, आणि पुष्कळदा तीही नसते, तोंडी निरोप असतो. येथे त्याचा नवा केसपेपर निघतो, रक्त पुन्हा तपासले जाते, छातीचे चित्र पुन्हा काढले जाते. आठ-दहा दिवसांनी त्याला इंग्रजीत लिहिलेले डिस्चार्ज कार्ड मिळते, ते त्याला वाचता येत नाही, आणि ज्या डॉक्टरांनी त्याला पाठविले त्यांच्यापर्यंत ते पोचतेच असे नाही. शहराच्या पूर्व भागात, जेथे विणकर आणि विडी कामगार यांची दाट वस्ती आहे, तेथे दृश्य थोडे निराळे असले तरी दोष तोच. तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढलेली विडी वळणारी बाई खोकला वाढला की गल्लीतल्या डॉक्टरांकडे जाते; पंधरा वर्षे त्यांनी तिला पाहिलेले असते, आणि तिचा दमा कोणत्या ऋतूत उसळतो, नवऱ्याची मिळकत किती, ती कोणते औषध मध्येच बंद करील, हे सर्व त्यांना ठाऊक असते. ती ज्या रात्री अत्यवस्थ होऊन मोठ्या रुग्णालयात दाखल होते, त्या रात्री हे पंधरा वर्षांचे ज्ञान तिच्या उपयोगी पडत नाही, कारण ते कोठे लिहिलेले नसते आणि लिहिलेले असलेच तर ते मागावे कोणाकडे हे ड्युटीवरच्या डॉक्टरांना माहीत नसते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नीतिनियमांनी दाखल रुग्णाची कागदपत्रे ३ वर्षे जतन करावीत आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यावीत असे बंधन घातले आहे खरे. परंतु मागण्याचा हक्क आपल्याला आहे हे ज्याला माहीत नाही, त्याच्यासाठी हा नियम असून नसल्यासारखा आहे.

येथे एक अडचण आहे जिचा विचार संगणकशास्त्रज्ञ सहसा शेवटी करतात आणि दवाखान्यातील कारकुनास ती पहिल्याच दिवशी भेटते: हा माणूस तोच, हे ओळखावे कसे? सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा एकाच बाजारात बोलणारे शहर असल्यामुळे एकच स्त्री एका केसपेपरवर लक्ष्मीबाई, दुसऱ्यावर लक्ष्मम्मा आणि तिसऱ्यावर नुसती लक्ष्मी म्हणून नोंदली जाते. तेलुगू आडनाव मराठी कारकून आपल्या कानाप्रमाणे लिहितो आणि इंग्रजीत त्याचे आणखी एक रूप होते. त्यात लग्नानंतर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही तिन्ही बदलण्याची आपली रीत; म्हणजे कुमारी म्हणून ज्या मुलीच्या हृदयाच्या झडपेचा दोष नोंदला गेला, ती सून म्हणून रुग्णालयात येते तेव्हा दप्तराच्या दृष्टीने ती नवीनच व्यक्ती असते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या प्रथेमुळे तर गोष्ट अधिकच बिकट होते. गरोदरपणाचे पहिले महिने सासरच्या गावी, तेथील आरोग्यसेविकेच्या नोंदीत. सातव्या महिन्यानंतर माहेर, दुसरा तालुका, कदाचित दुसरे राज्य. आणि जिची रक्ताची कमतरता सांगोल्यात लक्षात आली होती तिची प्रसूती अक्कलकोटला त्या माहितीविना होते. हातातले माता व बाल संरक्षण कार्ड हाच काय तो दुवा, आणि ते प्रवासात विसरले की दुवा तुटला. ऊसतोडीच्या मोसमात बीडकडून जिल्ह्यातील साखर कारखान्यांवर येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचे लसीकरण याच कारणाने कधी दोनदा होते आणि कधी मुळीच होत नाही.

आता हे तुकडे जोडू शकणाऱ्या भागीदारीविषयी. डॉक्टर आणि रुग्णालय यांनी एकत्र येण्याची कल्पना सोलापुरास नवी नाही, आणि ती परदेशी पुस्तकांतून आणण्याचेही कारण नाही. डफरीन रुग्णालयाच्या काळापासून येथे नगरपालिकेचे, सरकारचे आणि खाजगी वैद्यकांचे असे तीन प्रवाह शेजारी शेजारी वाहत आले; १९६३ साली डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय निघाल्यावर त्यांत अध्यापनाचा चौथा प्रवाह मिळाला. परंतु या शहराचे खरे वैशिष्ट्य म्हणजे सहकार. ज्या मुलखात साखर, सूत आणि पतपेढी ही सर्व सहकारावर चालतात तेथे रुग्णालयही त्याच तत्त्वावर उभे राहावे यात नवल नसले, तरी अश्विनी सहकारी रुग्णालय आणि पद्मशाली समाजाच्या आराध्य पुरुषाचे नाव धारण करणारे मार्कंडेय सहकारी रुग्णालय या संस्था देशात विरळ अशा प्रकारच्या आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. सहकारी रुग्णालयात सभासद भागधारक असतो, वार्षिक सभेत हिशेब विचारतो आणि निवडणुकीत मत देतो. परंतु तो माहितीचा भागधारक असतो काय, हा प्रश्न माझ्या समजुतीप्रमाणे पुरेसा विचारला गेलेला नाही. याचे एक कारण आपल्या स्वभावात आहे. सोलापूरला डॉक्टरांविषयी अभिमान वाटतो तो डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यामुळे. १९१० साली या शहरात जन्मलेला हा तरुण १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला आणि १९४२ साली तेथेच मरण पावला, आणि त्या त्यागापुढे मान लवली पाहिजे यात शंका नाही. पण शौर्याची स्मारके होतात, टिपणाची होत नाहीत. रोज सायंकाळी शेवटचा रुग्ण गेल्यावर दहा मिनिटे बसून वही पूर्ण करणाऱ्या डॉक्टरांची कोणी तसबीर लावीत नाही, आणि मग वही लिहिणे हे हलके काम ठरते व ते कंपाउंडरकडे जाते.

ज्या एका उद्योगाने या जिल्ह्यात टिपणाची प्रतिष्ठा सिद्ध केली तो सोलापूर शहरात नव्हे, तर बार्शीस घडला, आणि त्याच्यावर थोडे थांबणे अवश्य आहे. कर्करोगाची नोंद ठेवण्याचे काम आपल्या देशात १९६३ साली मुंबईत सुरू झाले, आणि पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ते अन्य शहरांत नेले. परंतु ही सर्व शहरे होती, आणि त्यांची पद्धत अशी की रुग्णालये, प्रयोगशाळा व मृत्युनोंदणीच्या कचेऱ्या यांचे दप्तर फिरून तपासावे आणि रुग्ण मोजावेत. खेड्यात हे लागू पडेना. जेथे कर्करोग झालेली बाई रुग्णालयापर्यंत कधी पोचतच नाही, तिच्या आजाराचे नाव कोणी उच्चारीत नाही आणि मृत्यूच्या नोंदीत कारणाच्या जागी ‘म्हातारपण’ अथवा ‘ताप’ लिहिले जाते, तेथे दप्तर तपासून काय मिळणार? १९८७ साली टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने बार्शीत देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा डॉ. बी. एम. नेने, डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धतच उलटी केली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावांत नोंदणीचे कार्यकर्ते स्वतः जाऊ लागले. गावची जाणती मंडळी, आरोग्यसेवक आणि तेथील डॉक्टर यांच्याशी त्यांनी ओळखी केल्या, कर्करोगाची पूर्वलक्षणे कोणती ते सभा घेऊन सांगितले, आणि ज्यांना ती लक्षणे आहेत अशांना बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात तपासणीसाठी येण्याची विनंती केली. म्हणजे येथे नोंद ही उपचाराच्या मागून आली नाही. नोंद घेणारा माणूसच रुग्णाला उपचाराच्या दाराशी घेऊन आला.

याचे फळ दोन प्रकारचे मिळाले, आणि दोन्ही लक्षात ठेवण्याजोगी आहेत. पहिले असे की गर्भाशयमुखाचा कर्करोग, जो या भागातील स्त्रियांत प्रमुख होता, तो काही वर्षांतच अधिक लवकरच्या अवस्थेत ओळखला जाऊ लागला, असे या मंडळींनी १९९५ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही, केवळ गावोगाव जाऊन बोललेले आणि लिहिलेले शब्द. दुसरे फळ त्याहून मोठे. ज्या मुलखाची लोकसंख्या, गावे आणि रोग यांची विश्वसनीय मोजदाद हाताशी होती, त्याच्या शेजारीच, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९ साली ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास टाटा स्मारक केंद्र व बार्शीचे रुग्णालय यांनी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेसह हाती घेतला. आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागील विषाणूच्या एकाच तपासणीने या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतात, हा त्याचा निष्कर्ष २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आल्यावर साऱ्या जगातील आरोग्यखात्यांनी त्याची दखल घेतली. बार्शीच्या एस. टी. स्थानकावर उतरून गाव विचारणाऱ्या कार्यकर्त्याच्या पायपिटीचा आणि जागतिक धोरणाचा असा थेट संबंध फार थोड्या ठिकाणी दाखविता येईल. आपल्या जिल्ह्याने हे घरच्या घरी केले आणि तरीही आपण आरोग्यनोंदीच्या चर्चेत प्रथम बार्शीचे नाव घेत नाही, याचे मला वैषम्य वाटते.

क्षयरोगाचा अनुभव बार्शीच्या या धड्याला पुष्टी देतो. खाजगी डॉक्टरांनी प्रत्येक क्षयरुग्णाची माहिती सरकारला कळवावी असा हुकूम २०१२ साली निघाला, आणि त्यासाठी ‘निक्षय’ नावाचे संगणकीय दप्तरही उघडले. परंतु केवळ हुकमाने खाजगी दवाखान्यांतून नोंदी फारशा आल्या नाहीत. मुंबईत २०१४ पासून जेव्हा असा प्रयोग झाला की खाजगी डॉक्टरांच्या रुग्णाला तपासणी आणि औषध विनामूल्य मिळावे, डॉक्टरांचा रुग्ण त्यांच्याकडेच राहावा आणि नोंदीची दगदग एखाद्या मध्यस्थ संस्थेच्या माणसाने उचलावी, तेव्हा तेच डॉक्टर नोंद देण्यास पुढे आले. यावरून निघणारा अर्थ उघड आहे. आधी विश्वास आणि परस्परलाभ, मग वही. वही आधी आणून विश्वासाची वाट पाहात बसलेल्यांची दप्तरे कोरी राहिली.

यंत्राविषयी मला थोडेच सांगावयाचे आहे, कारण त्याचे तपशील दर दोन वर्षांनी बदलतात. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर जाहीर झाले. प्रत्येक नागरिकास १४ अंकांचा ‘आभा’ क्रमांक, डॉक्टरांची एक नोंदवही, दवाखान्यांची दुसरी, आणि रुग्णाच्या संमतीने एका संस्थेतील कागद दुसरीला दिसावा अशी व्यवस्था, हा त्याचा गाभा. त्यात एक शहाणपण आहे ते असे की सर्व कागद दिल्लीत एका कोठारात जमा करण्याचा हट्ट नाही. जो कागद जेथे जन्मला तेथेच राहतो आणि मागणी व संमती जुळली की त्याची नक्कल जाते. इंग्लंडने २००२ साली याहून महत्त्वाकांक्षी, वरून खाली लादलेली योजना आखली आणि २०११ साली, अफाट खर्चानंतर, ती मोडीत काढली, हे पाहता आपली सबुरी योग्यच म्हटली पाहिजे. पण घरचाही एक धडा आहे. राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अनेक वर्षे चाललेली संगणकीय नोंदव्यवस्था २०२२ साली कंत्राट आणि देणे यांच्या वादात बंद पडली, आणि खिडकीवरचे कारकून पुन्हा हाताने केसपेपर लिहू लागले. दप्तर ज्याच्या ताब्यात, त्याची कैफियत निराळी आणि रुग्णाची निराळी, हे त्या दिवसांत सर्वांना कळून चुकले. करारनामा करताना नोंदी कोणाच्या, आणि ठेकेदार गेला तर त्या कोणत्या स्वरूपात परत मिळणार, हे कलम पहिल्या पानावर असावे. ते शेवटच्या परिशिष्टात गेले की गेलेच.

आरंभी सातबाऱ्याचा दाखला दिला, त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. जमिनीचा उतारा कोणीही पाहू शकतो, आणि तो कोणीही पाहू शकतो म्हणूनच व्यवहार सुरक्षित राहतो. देहाच्या दप्तराचा कायदा याच्या अगदी विरुद्ध आहे. एच.आय.व्ही.ची लागण, गर्भपात, मनोविकार, अपस्मार यांपैकी एखादा शब्द लग्न ठरविणाऱ्या नातेवाइकाच्या, कारखान्याच्या मुकादमाच्या किंवा विम्याच्या एजंटाच्या डोळ्यांखालून गेला, तर एका कुटुंबाचे जे नुकसान होईल ते कोणत्याही उपचाराने भरून निघणार नाही. आणि सोलापूरसारख्या शहरात, जेथे एका पेठेत सर्वच एकमेकांचे सोयरे असतात, तेथे दवाखान्याच्या खिडकीवर बसलेली मुलगीही कोणाची तरी पुतणी असते. २०२३ साली वैयक्तिक अंकीय माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, परंतु ज्या बाईला अंगठ्याखालच्या मजकुराचा अर्थ कोणी सांगितला नाही तिच्या संमतीला संमती म्हणणे ही थट्टा आहे. संमतीचा कागद मराठीत असावा एवढ्याने भागणार नाही. तो पूर्व भागात तेलुगूत आणि अक्कलकोटकडे कन्नडमध्ये, आणि तोंडी, समजावून सांगितलेला असला पाहिजे.

डॉक्टर नोंदी का देत नाहीत, याची चर्चा आपल्याकडे वेळेच्या अभावावर संपविली जाते. वेळ नाही हे खरेच आहे. सकाळ-संध्याकाळ मिळून शेकड्याने रुग्ण पाहणाऱ्यास प्रत्येकामागे कळफलक बडविणे शक्य नाही. तथापि वेळेच्या मागे एक भय आहे आणि त्याच्याही मागे एक व्यवहार आहे, ते दोन्ही स्पष्ट बोलले पाहिजे. भय असे की माझ्या रुग्णाची सर्व हकिकत मोठ्या रुग्णालयास दिली की पुढच्या वेळी तो माझ्या पायरीवर कशाला येईल? व्यवहार असा की रुग्ण पाठविणाऱ्यास परस्पर मोबदला देण्याची जी ‘कट’ची पद्धत महाराष्ट्रभर बोलली जाते आणि जिला आळा घालण्यासाठी राज्यशासनाने २०१७ साली कायद्याचा मसुदा करविला, तीत रुग्ण कोठे गेला, का गेला आणि त्याला काय सांगितले गेले, याचा लेखी माग राहणे कोणालाच सोयीचे नसते. सामायिक नोंद हा त्या व्यवहारावरचा सर्वात शांत पण सर्वात कडक पहारा आहे. म्हणूनच तिला होणारा विरोध कधीच उघड शब्दांत येत नाही, तो नेहमी इंटरनेटच्या खोळंब्याच्या रूपाने येतो.

मग आरंभ कोठून करावा? पुढील पृष्ठांत याविषयी एकमत आढळणार नाही. काहींच्या मते मधुमेह व रक्तदाब यांच्यापासून, कारण ते घरोघरी आहेत. काहींच्या मते पंढरीच्या वारीपासून, कारण आषाढीत लाखो अनोळखी वारकरी एका गावात येतात आणि त्यांच्याजवळ कागद नसतो. माझा कल बाळंतपणाकडे आणि डिस्चार्ज कार्डाकडे आहे. रुग्ण घरी पोचण्यापूर्वी त्याच्या कुटुंबवैद्याकडे निदान, चालू औषधे, न सोसणारी औषधे आणि पुन्हा कधी दाखवावयाचे, इतका चार ओळींचा मजकूर पोचावा. रुग्णालयाने आधी द्यावे, मग मागावे. हे झाले तर गल्लीतल्या डॉक्टरांना प्रथमच असा अनुभव येईल की आपला रुग्ण मोठ्या दारातून आत गेला आणि त्याच दाराने आपल्याकडे परत पाठविला गेला, आणि त्यानंतर त्यांच्याकडून पंधरा वर्षांची हकिकत मागण्यास तोंड राहील.

राहता राहिला खर्च. बार्शीचे कार्यकर्ते पगारी होते. मुंबईत क्षयाच्या नोंदी लिहिणारा माणूसही पगारी होता. केंद्र शासनाने २०२३ च्या आरंभापासून अंकीय नोंदींमागे काही प्रोत्साहनाची रक्कम ठेवली आहे, पण तिचा ओघ साहजिकच ज्यांच्याजवळ आधीच संगणक आणि कारकून आहेत अशा मोठ्या संस्थांकडे जातो. साखर पेठेतील किंवा अशोक चौकातील एका खोलीच्या दवाखान्यात रोज सायंकाळी तासभर बसून वही संगणकात उतरविणाऱ्या मुलाचा पगार कोणी द्यावयाचा, महापालिकेने, विम्याच्या योजनेने, की ज्या रुग्णालयात तिथले रुग्ण जातात त्याने? मी म्हणतो रुग्णालयाने, आणि सहकारी रुग्णालयाने तर सर्वांच्या आधी. कारण पुन्हा न करावी लागलेली एक रक्ततपासणी आणि पुन्हा न काढावे लागलेले एक छातीचे चित्र यांची बचत त्याच्याच रुग्णाच्या खिशात राहते, आणि तो रुग्ण पुष्कळदा त्याचा सभासद असतो.